लिफ्टवाल्याची बोट

मंगळवार, ३ फेब्रुवारी

ही वही हिनं आणून दिली. म्हणाली, "दिवसभरात जे झालं ते रोज दोन ओळी लिहीत जा." मी म्हटलं, काही झालं तर लिहीन. त्यावर ती मशीनवर जाऊन बसली. ही घरी कपडे दुरुस्त करून देते, पँट आखूड करणं, चेन बदलणं वगैरे. बोलायचं नसलं की मशीन जोरात चालवते.

आज मात्र झालं. हिचा धाकटा भाऊ कंबर धरून वाकत वाकत आला. यानं तलावावर एक बोट घेतली आहे हे मला आत्ता कळतंय. या काठावरून त्या काठावर माणसं न्यायची-आणायची असा विचार. बोट हाती आली आणि पाठीनं दगा दिला. डॉक्टरांनी चालवायला साफ मनाई केली म्हणे. दुसरा चालक विश्वासातला हवा, आणि त्यानं मार्च संपायच्या आत परवान्याची परीक्षा द्यायला हवी. नाहीतर फेरीचं काम समोरच्या लाँचवाल्याकडे जाईल. "भावोजी, तुमच्याशिवाय मला कोण आहे?" असं माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी सांगितलं, मला वेळ नाही. ते खरंही होतं. खिडकीत बसणं बाहेरून सोपं दिसतं, पण सकाळी बसलं की संध्याकाळपर्यंत बसावं लागतं.

ही आतून म्हणाली, "नकाच जाऊ. तुम्हाला जमायचं नाही ते."

उद्या नुसता बघून येईन.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

काल गेलो होतो. सांगण्यासारखं बरंच आहे, पण आधी मी कोण ते लिहितो, म्हणजे पुढचं समजेल.

मी लिफ्टमन. आठ मजल्यांच्या कचेरीत उभा जन्म काढला. आमची लिफ्ट जुनी, पितळी दांड्याची. दांडा इकडे ढकलला की वर, तिकडे ढकलला की खाली, आणि नेमकं मजल्याशी थांबवायचं आपल्या हातानं. दोन बोटांचा फरक राहिला तरी माणूस अडखळतो. माझ्या लिफ्टमध्ये कुणी अडखळलं नाही. मजला आला हे मला डोळ्यांच्या आधी तळपायांना कळायचं. किती माणसं चढली, जाड की बारीक, हेही फरशी सांगायची. गेल्या वर्षी त्यांनी बटणाची लिफ्ट बसवली. ती स्वतः थांबते आणि बाईच्या आवाजात मजला सांगते. मला निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ चांगलं आहे, वेळ बरोबर दाखवतं. बघत असतो.

आता बोट. खाली अॅल्युमिनियमची दोन लांबलचक नळकांडी, दोन्ही तोंडं बंद. त्यांच्यावर सपाट फळी, चारी बाजूंनी कठडा, कडेनं बाकं, वर कापडाचं छप्पर, पुढे एक छोटं फाटक. कुणाच्या तरी घराची गॅलरी सुटून पाण्यात गेली असावी अशी दिसते. मागे मोटर लटकते आणि मोटरीचा पंखा पाण्यात फिरतो. सुकाणूच्या चाकाशेजारी वेगाचा दांडा, आणि त्या दांड्यावर अंगठ्याखाली एक बटण. त्यावर दोन बाण.

"याला ट्रिम म्हणतात," मेहुणा म्हणाला. "खाली दाबलं की मोटर बोटीला चिकटते आणि बोट नाक खाली घालते. वर दाबलं की मोटर मागे उचलली जाते आणि नाक वर येतं."

"वर आणि खाली, एवढंच ना?" मी म्हटलं. दुसरं काय केलंय मी आयुष्यभर?

निघालो. बोट पळायला लागल्यावर मी वरचं बटण दाबलं आणि दाबूनच ठेवलं. वर पोचली की थांबेल, असा माझा हिशेब. मोटर अशी किंचाळली की धक्क्यावरचे बगळे उडाले, आणि बोट जागच्या जागी. धक्क्यावर एक मेकॅनिक कुणाची तरी मोटर उघडून बसला होता. तो तिथूनच ओरडला, "पंखा हवा खातोय, पाणी नाही."

"भावोजी, खाली घ्या," मेहुणा हळूच म्हणाला. पंखा अर्धा पाण्याबाहेर आला होता. खाली घेतला. पहिल्या दिवशी इतपत चालायचंच.

सोमवार, ९ फेब्रुवारी

बटण दाबून ठेवायचं नसतं, टिचकी मारायची असते. निघताना मोटर पूर्ण खाली. बोटीनं वेग घेतला की वर एक टिचकी, मग थांबून बघायचं, मग आणखी एक. प्रत्येक टिचकीला चाक हलकं होतं आणि मागच्या पाण्याचा आवाज बदलतो. वळायच्या आधी पुन्हा थोडं खाली, नाहीतर पंख्याची पकड सुटते.

नाक फार खाली ठेवलं तर बोट पाणी नांगरत बसते, फार वर केलं तर नुसता आवाज, काम शून्य. आमच्या कचेरीत चौथ्या मजल्यावर एक साहेब होते ते दुसऱ्या प्रकारातले.

मला सगळं येत चाललंय. मेहुण्याला मात्र अजून बरंच शिकायचंय. मी विचारलेल्या साध्या प्रश्नावरही बराच वेळ विचार करतो आणि मग म्हणतो, "तुम्हाला काय वाटतं भावोजी?" मला वाटतं ते मी सांगतो, आणि बहुतेक वेळा तेच बरोबर निघतं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

ट्रिमला मजले नाहीत, हा मला मोठाच दोष वाटला. मोटर किती उचलली ते दाखवणारा काटा आहे, पण त्याच्यावर नुसत्या रेघा. मी कागदाची पट्टी कापून काट्याच्या कडेला चिकटवली आणि तिच्यावर लिहिलं: तळमजला, पहिला, दुसरा, तिसरा, गच्ची. निघताना तळमजला, पळताना दुसरा. गच्चीवर जायचं नाही.

मेहुणा हसला नाही. उलट पट्टी पावसापाण्यात टिकावी म्हणून वर चिकटवायला प्लॅस्टिक आणून दिलं. मेकॅनिक हसला. तो सगळ्यालाच हसतो.

घरी आलो तर हिनं माझी खुर्ची कोपऱ्यात सरकवून शिवणयंत्र खिडकीत आणलं होतं. म्हणाली, "इथे उजेड चांगला येतो." वर्षभरात हे तिला सुचलं नव्हतं. मी मोठ्या मनानं खुर्ची कोपऱ्यातच राहू दिली.

रविवार, १५ फेब्रुवारी

वारा फार, गेलो नाही. खिडकीत मशीन आहे, त्यामुळे बसायलाही जागा नाही. दोनदा भाजी आणायला गेलो.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

पट्टी काढून टाकली.

आज मेहुण्यानं ओळखीची आठदहा माणसं बोलावली होती, भरलेली बोट कशी चालते ते मला बघता यावं म्हणून. मी नेहमीप्रमाणे दुसरा मजला धरला आणि बोट म्हशीसारखी चालली. आणखी वर घेतली तेव्हा कुठे मोकळी झाली. मग दोन तरुण पुढच्या बाकावरून उठून मागे आले आणि तोच काटा गच्चीसारखा वागायला लागला. म्हणजे माणूस उठला की मजला हलतो. अशी इमारत मी पाहिली नाही.

बराच वेळ चिडलो होतो. मग चपला काढल्या. अनवाणी उभा राहिलो आणि काट्याकडे बघायचंच सोडलं. फळी पुढे कलली की टाचेखालचं वजन कमी होतं, मागे कलली की चवड्याखालचं. मधे एक जागा अशी येते की दोन्हीकडे सारखं. तिथे अंगठा थांबवायचा. मी चार फेऱ्या मारल्या आणि चारही वेळा ती जागा सापडली.

मेहुणा म्हणाला, "हे मला नव्हतं माहीत." त्याला नव्हतंच माहीत. हे एकदा तो खरं बोलला असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं.

बुधवार, २५ फेब्रुवारी

हिचा भाऊ हिला रोज संध्याकाळी फोन करतो. पाठीला काय लावायचं ते विचारत असणार. ही फोन घेऊन जिन्यात जाते. आज दार उघडं होतं. ही सांगत होती, "दोन वेळा वाढून घेतलं. आणि जेवताना बोलत होते." कुणाबद्दल ते कळलं नाही. शेजारच्या आजोबांची भूक मध्यंतरी गेली होती, त्यांच्याबद्दल असेल.

सोमवार, २ मार्च

धक्क्याला लागताना आडवा वारा आला आणि माझी जरा तारांबळ झाली. बोट फिरली, मागची बाजू लाँचवाल्याच्या लाँचेवर जाणार इतक्यात मेहुण्यानं दांडा घेतला. एकदा मागे, एकदा पुढे, अंगठ्यानं काहीतरी केलं, आणि बोट धक्क्याला अशी येऊन टेकली, जसा कपाटाचा खण आत सरकावा.

मी त्याला सांगितलं, "असं नशीब रोज साथ देत नाही. पद्धत शीक."

मेकॅनिक म्हणाला, "नशीब? अहो, हा तर डोळे मिटून..." तेवढ्यात मेहुण्याला खोकला आला. खोकता खोकता त्यानं पेट्रोलचा भरलेला कॅन उचलला आणि तो घेऊन चढ चढून गेला. पाठदुखी अशीच लहरी असते. माझ्या एका चुलत्यालाही होती.

शनिवार, ७ मार्च

पलीकडच्या काठाला पाणी उथळ आहे. तिथे वेग कमी करून मोटर वर घ्यायची, नाहीतर पंखा दगडाला लागतो. पण मोटरीच्या मागून पाण्याची एक बारीक धार पडत असते, तिच्यावर लक्ष ठेवायचं. धार थांबली म्हणजे मोटरीला थंडावा मिळत नाही. आज दोन्ही सांभाळलं. मेकॅनिक हसला नाही.

बुधवार, ११ मार्च

परीक्षेची तारीख आली. सव्वीस.

आज खरं लिहितो, कारण ही वही कुणी बघत नाही. मी घरात सगळ्यांना सांगितलंय की हे मी मेहुण्यासाठी करतोय, त्याची अडचण म्हणून. ते खरं आहे. पण नापास झालो तर मला पुन्हा त्या खुर्चीत बसावं लागेल, हेही खरं आहे. गेल्या वर्षभरात मी त्या खिडकीतून काय बघितलं ते मला सांगता येणार नाही. काही बघतच नव्हतो. ही ताट पुढे ठेवायची आणि उचलून न्यायची. मी दमलोय असं मी तिला सांगायचो. बसून बसून माणूस इतका दमतो हे मला माहीत नव्हतं.

मला परत तिथे बसायचं नाही.

तरी मी पास होईन. मला काळजी नाही.

गुरुवार, १९ मार्च

परीक्षेला बोट भरलेली लागते, असा नियम आहे. मेहुणा माणसं जमवतोय. ही म्हणाली, "मी पण येते." मी म्हटलं, तू? पुलावरून जाताना ही डोळे मिटून घेते आणि पूल संपला का म्हणून विचारत राहते. बोटीच्या बाजूला ती अजून एकदाही फिरकलेली नाही. म्हणाली, "एक माणूस कमी पडतंय म्हणे." कमी कसलं पडतंय, बेकरीवाला, त्याची बायको, समोरच्या इमारतीतल्या दोन शिक्षिका, त्यांच्या घरची माणसं, सगळे तयार आहेत.

पण येऊ दे. मी कसा चालवतो ते बघेल तरी.

गुरुवार, २६ मार्च

सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर डोक्यातच राहील.

परीक्षक बाई वेळेआधी आल्या. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, पायात चांगले काळे बूट. सगळ्यांची जीवरक्षक जाकिटं स्वतः ओढून ओढून तपासली. मेहुण्याला बघून म्हणाल्या, "तुम्ही का नाही चालवत?" तो म्हणाला, "पाठ, मॅडम." त्यांनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि मग माझ्या अनवाणी पायांकडे. "चपला?" मी म्हटलं, "काढल्यात." त्या म्हणाल्या, "दिसतंय."

जाताना वारा समोरून होता. मी मोटर खाली ठेवून निघालो, वेग आल्यावर दोन टिचक्या, मग अजून एक, आणि बोट सरळ झाली. लाटा नळकांड्यांखालून निघून जात होत्या, फळी कोरडी. ही मधल्या बाकावर दोन्ही हातांनी कठडा धरून बसली होती, डोळे मिटून. पलीकडच्या काठाला धार सांभाळून वळवली. परीक्षक बाईंनी दोनदा मान हलवली.

येताना वारा पाठीमागून आला. लाटाही मागून. अशा वेळी बोट पुढच्या लाटेच्या पाठीवर नाक खुपसायला बघते, म्हणून नाक जरा वर ठेवायचं. ठेवलं. सगळं छान चाललं होतं. धक्का दिसायला लागला. आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "उतरणाऱ्यांनी पुढे या."

लिफ्टमध्ये मी हे दिवसातून शंभरदा म्हणायचो. मजला यायच्या आधी माणसं दाराशी आली की खोळंबा होत नाही. जिभेला सवय. मी बोललोय हे मला ऐकू आलं तेव्हाच कळलं.

आणि माणसं आली. सगळीच्या सगळी. सगळ्यांनाच उतरायचं होतं. उठून पुढच्या फाटकाशी गर्दी करून उभी राहिली. माझ्या टाचेखालची फळी निघून गेल्यासारखी झाली. नाक खाली गेलं ते थेट पुढच्या लाटेत, आणि फाटकाच्या गजांमधून पाणी आत आलं. घोटाभर. मग त्याहून जास्त. शिक्षिका किंचाळल्या. बेकरीवाल्यानं बायकोला धरलं की बायकोनं त्याला, ते कळलं नाही.

हात सांगत होता, दांडा मागे ओढ, थांबव. लिफ्टमध्ये काही बिघडलं की आधी थांबवायचं असतं. पण पाय सांगत होते की फळी पुढे उतरतेय, आणि जोर काढलास तर आणखी उतरेल, मागची लाट येऊन वर बसेल. मी पायांचं ऐकलं. दांडा होता तिथेच धरून ठेवला आणि अंगठ्यानं वर, वर, पुन्हा वर. आणि माझ्या लिफ्टमधल्या आवाजात म्हटलं, "आत सरका. दारात थांबू नका. मागच्या भिंतीपर्यंत आत सरका."

बोटीला मागे भिंत नाही. पण सरकली माणसं. मी आयुष्यभर हेच एक काम करून घेतलंय, ते करून घेता येतं. पाच-सहा जण मागे आल्याबरोबर नाक पाण्यातून निघालं, पाणी दोन्ही बाजूंनी वाहून गेलं आणि फळी हळूहळू माझ्या पायांखाली परत आली. मग वेग थोडा थोडा कमी केला.

एक गोष्ट लिहून ठेवतो. या सगळ्या वेळात मेहुणा माझ्या अगदी शेजारी उभा होता. दांडा त्याच्या हाताच्या अंतरावर. त्याचा चेहरा कागदासारखा झाला होता, आणि त्यानं डाव्या हातानं स्वतःचं उजवं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नंतर तिथे वळ उठले. बहीण बोटीत, पाणी आत येतंय, आणि याला हात पुढे करायचंही भान राहिलं नाही. भीतीनं काही माणसांचं असं होतं. मी त्याला नंतर एका शब्दानंही बोललो नाही.

धक्क्याला लागलो. सगळे उतरले, गुडघ्यापर्यंत भिजलेले. परीक्षक बाईंनी बूट काढून पाणी ओतलं.

"माणसांना पुढे कुणी बोलावलं?"

"मी."

"का?"

"सवय, मॅडम. लिफ्टवर होतो."

"मग दांडा मागे का नाही ओढलात? शंभरातले नव्वद ओढतात."

"पायांना कळलं."

त्यांनी बूट पुन्हा घातला. "असं मला तुम्हाला पास करता येणार नाही," त्या म्हणाल्या. "चूक तुमची, निस्तरलीत तुम्हीच, हे मी बघितलं. पण मला बिनचुकीची फेरी हवी. हीच फेरी, हेच वजन, आत्ता. नाही जमत तर पुढच्या वर्षी या."

मी माणसांकडे वळलो. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. बेकरीवाला पँटचे पाय पिळत म्हणाला, "आमच्या हिला आजच्या दिवसाला एवढं पुरे झालं." दोष कसा द्यायचा? धक्क्यावरून वर रस्ता होता, रस्त्यावर बस होती. एक शिक्षिका पर्स शोधत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला माणसांना आत या म्हणता येईना.

तेव्हा ही उठली. धक्क्याच्या पायरीवर बसली होती, साडी पिळत. उठली, फाटकातून बोटीत गेली, कठड्याला धरून धरून मागच्या बाकापर्यंत गेली आणि बसली. डोळे मिटले. माझ्याकडे बघितलंही नाही.

मग तिचा भाऊ गेला. मग एक शिक्षिका म्हणाली, "चला, भिजायचं तर भिजलोच आहोत." मग दुसरी, मग त्यांच्या घरचे. शेवटी बेकरीवाल्याची बायको नवऱ्याला दंडाला धरून घेऊन आली.

माझ्या लिफ्टमध्ये इतकी वर्षं हजारो माणसं चढली. मी त्यांना नीट नेलं, कुणाला अडखळू दिलं नाही, आणि मला वाटायचं की ती माझ्याकडे येतात. त्यांना मजल्यावर जायचं असायचं. आठ मजले पायी कोण चढेल? मी होतो म्हणून त्यातलं एकही चढलं नव्हतं. आज पहिल्यांदा एक माणूस माझ्यासाठी आत येऊन बसलं, आणि त्या माणसाला पाण्याची सगळ्यांत जास्त भीती वाटते. दांड्याशी उभा राहिलो तेव्हा मला समोरचं नीट दिसत नव्हतं. मी अंगठ्याचं काम पायांवर सोपवलं.

दुसरी फेरी सांगण्यासारखी नाही. चांगल्या फेरीत सांगण्यासारखं काही नसतंच. धक्का दिसल्यावर मी दात दातांवर दाबून धरले. दोर बांधला, मोटर थांबवली, आणि मग म्हटलं, "आता उतरा. एकेक."

पास.

सह्या करताना परीक्षक बाई मेहुण्याला म्हणाल्या, "चला, आता या बोटीवर दोन परवाने झाले." त्याचा परवाना कुठला आला? सरकारी कचेऱ्यांत कागदांचा असा घोळ होतोच. मी त्यांना चारचौघांत दुरुस्त केलं नाही.

शनिवार, २८ मार्च

मेहुणा सकाळी बाकं उचलून बाहेर काढत होता, उन्हात वाळवायला. एकट्यानं. मला बघून म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, आता हळूहळू आराम पडेल."

मी त्याला खाली बसवलं आणि समजावलं, की घाई करू नकोस, पाठ म्हणजे पाठ, पुन्हा उलटली तर जन्माचं दुखणं. "बोटीची काळजी सोड. मी आहे," असं म्हटलं. "या वर्षी आहे, पुढच्या वर्षीही आहे. तू तिकिटं बघ, हिशेब बघ. चालवायचं मी बघतो."

तो म्हणाला, "बरं, भावोजी." आणि पाण्याकडे तोंड करून बराच वेळ नाक शिंकरत बसला. पाठीबरोबर आता सर्दीही. तब्येतीनं पहिल्यापासूनच नाजूक आहे तो.

घरी येऊन हिला म्हटलं, "तुझ्या भावाचं माझ्यावाचून काही खरं नव्हतं."

"नव्हतंच," ही म्हणाली. तोंडातली एक टाचणी काढून तिनं समोरच्या कापडाला लावली.

मंगळवार, ३१ मार्च

उद्यापासून फेऱ्या सुरू. पहिली सकाळी सातला. मोटर तपासली, दोर बदलला, फाटकाची कडी घट्ट केली. फाटकावर मी पाटी लावली आहे: बोट बांधेपर्यंत कुणीही जागेवरून उठू नये. खाली लिहिलंय, मी बोलावलं तरी. मेकॅनिक पाटी वाचून इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

जेवण झाल्यावर ही म्हणाली, "उद्या मी पण येऊ?"

म्हटलं, "उद्या परीक्षा नाही. माणसं पुरेशी आहेत."

"माहितीय."

"मग? भीती गेली का पाण्याची?"

"नाही गेली," ती म्हणाली. "म्हणून तर आधी विचारतेय. कुठे बसू?"

मी जरा विचार केला. पुढे वारा लागतो, पाणीही उडतं. मधे गर्दी होते. मी सांगितलं, मागे बस, माझ्या डाव्या हाताला, अगदी जवळ. वजनाच्या दृष्टीनं तेच बरोबर आहे.